डुकराच्या केसांचा नवा दाढीचा ब्रश: विदर्भातल्या पाण्यात तो कसा रुळवावा

आमच्याकडे नवा दाढीचा ब्रश आणलेल्या माणसाची तक्रार ठरलेली असते. "गालाले टोचते भाऊ, अन् फेस तर येतच नाही." आठवडाभरात तो ब्रश न्हाणीतल्या कोनाड्यात जातो, पुढे त्याने सायकलची चेन नाहीतर शिलाई मशीन पुसली जाते आणि माणूस पुन्हा बोटाने क्रीम चोळायला लागतो. बहुतेक वेळा ब्रशात काहीच खोट नसते. डुकराच्या केसांचा ब्रश दुकानातून येतो तेव्हा तो अर्धाच तयार असतो, उरलेलं काम वापरणाऱ्याला करावं लागतं. त्या कामात विदर्भातल्या खेड्यांत सर्वांत जास्त आडवं येतं ते पाणी. म्हणून या लेखात ब्रशाइतकंच पाण्याबद्दल लिहिलं आहे.

केसांचं काय होतं

डुकराचा केस बुडाशी जाड आणि शेंड्याकडे निमुळता असतो. ब्रशासाठी घेतात ते मुख्यतः पाठीवरचे राठ केस. त्यातला एक उपटून उजेडासमोर धरा. शेंड्याला तो दोन-तीन धाग्यांत फुटलेला दिसेल, पण नव्या ब्रशात ही फूट अगदी टोकापुरती असते आणि बरेच केस फुटलेलेच नसतात. गालाला टोचतात ती हीच न फुटलेली टोकं.

आपले केस, नखं आणि बैलाची शिंगं ज्या केराटिनची बनतात, त्याचाच हा केसही बनलेला असतो. पाण्यात ठेवला की तो पाणी पितो, थोडा फुगतो आणि नरम पडतो. वाळला की पुन्हा आवळतो. हे फुगणं-आवळणं रोज घडत राहिलं आणि त्याला साबणासोबत हलकं घासणं मिळालं, की शेंडा हळूहळू आणखी खाली फुटत जातो. बाभळीची दातण चावली की तिचं टोक फुटून मऊ कुंचा होतो आणि काडी तशीच टणक राहते, तसंच इथे घडतं. केसाचं खोड राठच राहतं आणि टोकाला मऊ पिसारा तयार होतो. चांगल्या रुळलेल्या ब्रशाची मजा या जोडीत आहे. राठ खोड दाढीचे खुंट उभे करतं आणि मऊ टोकं कातडीला त्रास न देता फेस बसवतात. बॅजर नावाच्या प्राण्याच्या केसांचा महागडा ब्रश पहिल्या दिवसापासून मऊ असतो. पण आठ दिवस वाढलेली, जाड खुंटांची दाढी करायची असेल तर मी रुळलेला डुकराच्या केसांचा ब्रशच हातात घेईन.

यावरून दोन गोष्टी पक्क्या होतात. भिजवण्याइतकंच वाळवणंही गरजेचं आहे, त्यामुळे एका रात्रीत दहा वेळा फेस करून ब्रश रुळत नाही. आणि उकळत्या पाण्यात बुडवून तो मऊ करण्याचा उपाय कुणी सांगितला तर ऐकू नका. उकळत्या पाण्याने केस ठिसूळ होतात आणि केसांचा जुडगा मुठीत धरून ठेवणारा गोंद सुटतो. असा ब्रश महिन्याभरात टकला होतो.

घेताना काय पाहावं

आठवडी बाजारात आणि तालुक्याच्या जनरल स्टोअरमध्ये मिळणाऱ्या ब्रशांत नायलॉनचे बरेच असतात. नायलॉन केसासारखं पाणी पीत नाही, त्यामुळे तो रुळवायची गरज नसते आणि रुळतही नाही. आणला तसाच राहतो. खात्री करायची असेल तर घरी आल्यावर एक केस उपटून काडीने पेटवा. प्राण्याचा केस जळताना डोक्याचे केस जळल्यासारखा वास येतो आणि चुरगळता येणारी काळी राख उरते. नायलॉन वितळतो आणि त्याचा टणक मणी होतो.

केसांवर मधोमध काळा पट्टा दिसला म्हणून तो बॅजरचा ब्रश ठरत नाही. डुकराच्या केसांनाच तसा रंग देऊन विकण्याची रीत जुनी आहे. पहिल्या एक-दोन धुण्यांत थोडा रंग सुटला तर घाबरू नका.

परदेशी बनावटीत इटलीचा ओमेगा आणि पोर्तुगालचा सेमोग हे डुकराच्या केसांच्या ब्रशांसाठी नाव असलेले कारखाने आहेत आणि त्यांचे ब्रश ऑनलाइन मागवता येतात. पण रुळवण्याची रीत स्वस्त-महाग सगळ्यांना एकच लागू होते. पहिलाच ब्रश असेल तर मुठीबाहेरच्या केसांची उंची पाच-साडेपाच सेंटीमीटर असलेला घ्या. फार आखूड केसांचा ब्रश जास्त टोचतो आणि रुळायलाही वेळ घेतो.

एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. हे केस डुकराचे आहेत आणि अनेक घरांत ते धर्माने किंवा श्रद्धेने चालत नाहीत. कुणाला ब्रश भेट देत असाल, किंवा गावात सलून चालवत असाल, तर समोरच्याला आधी सांगा. ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी आता चांगले, मऊ कृत्रिम धाग्यांचे ब्रश मिळतात. सलूनचा विषय निघाला म्हणून आणखी एक. एकच ब्रश सगळ्या गिऱ्हाइकांच्या गालावर फिरला की गजकर्ण आणि दाढीतल्या पुळ्या एकाकडून दुसऱ्याकडे जातात, आणि वस्तऱ्याची चीर पडली असेल तर त्याहून गंभीर आजारांचीही भीती असते. स्वतःचा ब्रश सलूनमध्ये नेण्यात काही कमीपणा नाही. घरातही बाप-लेकांचे ब्रश वेगळे असावेत.

गावातल्या डुकरांचे केस गोळा करून घरी ब्रश बांधायचा खटाटोप मात्र करू नका. पहिल्या महायुद्धाच्या काळात नीट निर्जंतुक न केलेल्या, मुख्यतः घोड्याच्या केसांच्या स्वस्त ब्रशांमुळे इंग्लंड-अमेरिकेत सैनिकांना आणि नागरिकांना अँथ्रॅक्स झाला होता आणि माणसं दगावली होती. आपल्याकडे गुरांना होणारा फाशी रोग तो हाच. आज कारखान्यात केस निर्जंतुक करूनच ब्रश बनतो. घरी ते काम नीट होत नाही.

आधी पाण्याची परीक्षा

ज्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, ते पाणी ब्रशालाही छळणार हे धरून चाला. आपल्या काळ्या खडकातून येणाऱ्या बोअर-विहिरींच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबण त्यांच्याशी जुळला की फेस होण्याऐवजी पांढरट, चिकट साका होतो. हाच साका केसांवर बसतो, टोकं एकमेकांना चिकटवतो, आणि फुटलेले शेंडेही पुन्हा राठ वाटायला लागतात. म्हणजे माणूस रोज ब्रश वापरत असतो आणि ब्रश मात्र जिथल्या तिथेच असतो.

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्याची गोष्ट आणखी वेगळी. तिथल्या जमिनीखालचं पाणीच खारट, आणि खाऱ्या पाण्यात साबण नीट विरघळतही नाही. त्या गावांतल्या लोकांनी ब्रशासाठी विहिरीचं पाणी वापरायचा आग्रह सोडून द्यावा.

परीक्षा सोपी आहे. झाकणाच्या पारदर्शक बाटलीत अर्ध्यापर्यंत पाणी घ्या, अंघोळीच्या साबणाची नखाएवढी कात्रण टाका, साबण विरघळेपर्यंत थांबा आणि बाटली जोरात हलवा. वर फेस टिकला आणि खालचं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ राहिलं तर पाणी हलकं. फेस लगेच बसला आणि पाणी दुधी होऊन त्यात कण तरंगायला लागले तर पाणी जड. दुसऱ्या बाटलीत गावातल्या आरोच्या कॅनचं पाणी घेऊन हेच केलं की फरक डोळ्यांनी दिसतो.

पाणी जड निघालं तरी अडचण मोठी नाही, कारण ब्रशाला दिवसाला एक पेला पाणी पुरतं. अंघोळीचं, तोंड धुण्याचं पाणी काहीही असू द्या. भिजवायला आणि फेस करायला तेवढं एक पेला चांगलं पाणी वेगळं ठेवा. आरोच्या कॅनमधलं चालेल. अकोट-तेल्हाऱ्याकडच्या ज्या गावांत वान धरणाचं पाणी नळाला येतं तिथे तेच चालेल. पावसाळ्यात पहिली एक-दोन पाणी जाऊ देऊन टिनावरून पडणारं पाणी स्टीलच्या घागरीत धरलं, गाळलं, तर दाढीसाठी त्याच्याइतकं उत्तम पाणी नाही. काहीच सोय नसेल तर विहिरीचं पाणी दहा मिनिटं खळखळून उकळा, थंड होऊन पांढरा गाळ बसू द्या आणि वरचं पाणी अलगद ओतून घ्या. त्याने जडपणाचा काही भाग जातो, सगळा नाही. खारटपणा तर उकळून जातच नाही, उलट वाढतो.

पहिल्या दिवशी

पहिल्या दिवशी दाढी करू नका. ब्रश आणला त्या संध्याकाळी नुसता धुवायचा आहे.

नव्या ब्रशाला वास असतो, ओल्या जनावरासारखा. तो गोंदाचा नसतो, केसांचाच असतो, आणि काही धुण्यांत जातो. पेल्यात कोमट पाणी घ्या. बोट आरामात बुडवून ठेवता येईल इतकंच गरम. त्यात ब्रश उलटा धरून केस बुडतील एवढाच दहा मिनिटं ठेवा. मूठ पाण्यात जाऊ देऊ नका, लाकडी असेल तर मुळीच नाही. पेला अरुंद घेतला तर मूठ काठावर अडते आणि केसांवर भार येत नाही. मग डोक्याला लावायचा शाम्पू तळहातावर थोडा घ्या आणि ब्रश गोल-गोल फिरवा. टोकं पसरतील एवढाच दाब हवा. धुवा, पुन्हा एकदा शाम्पू, पुन्हा धुवा. या वेळी पाच-दहा केस हातात येतील. ते जुडग्यात नीट न अडकलेले केस असतात, काळजीचं कारण नाही.

आता दाढीचा साबण घ्या. रुळवण्यासाठी मला ट्यूबमधल्या क्रीमपेक्षा वडी जास्त पसंत आहे, कारण वडीवर फिरवताना टोकांना आपसूक घासणं मिळतं. ओल्या ब्रशाने वडीवर अर्धा मिनिट गोल फिरवा आणि तळहातावर फेस करा. पहिल्यांदा फेस दिसेल आणि पाहता पाहता गायब होईल. नवा ब्रश फेस खातो. पुन्हा साबण घ्या, चार थेंब पाणी टाका, पुन्हा फिरवा. मग मुठीजवळ केसांना बोटांच्या चिमटीत धरून टोकाकडे दाबत आणा. आत दडलेला फेस बाहेर येईल. असं दोन-तीन वेळा करून तो फेस केसांतच राहू द्या आणि ब्रश रात्रभर ठेवून द्या. सकाळी चांगल्या पाण्याने धुवून, झटकून वाळायला ठेवा.

वास फारच असेल तर दुसऱ्या दिवशी हेच पुन्हा करा. शिरका किंवा अत्तर ओतून वास मारायला जाऊ नका, साबणच तो काढतो.

पुढचे पंधरा-वीस दिवस

आता रोजचा क्रम. बंब पेटवायच्या आधी, दात घासायला घेण्याआधी ब्रश पेल्यात भिजत घाला, म्हणजे वेगळा वेळ द्यावा लागत नाही. नव्या ब्रशाला पाच ते दहा मिनिटं हवीत. बरेच लोक नळाखाली ब्रश ओला करून लगेच क्रीमवर टेकवतात आणि मग टोचतो म्हणून ओरडतात. कोरड्या गाभ्याचा केस टोचणारच.

बाहेर काढून एक-दोनदा झटका. ठिबकायचं थांबलं पाहिजे, पण पिळून कोरडा करायचा नाही. साबणाच्या वडीवर तीस-चाळीस वेळा गोल फिरवा. क्रीम असेल तर भिजलेल्या गालावरच बोटभर लावून त्यावर ब्रश चालवा. पहिल्या आठवड्यात नेहमीपेक्षा दीडपट साबण लागेल. ती उधळपट्टी समजू नका. फेस घट्ट, चिकट झाला की ब्रशाचं टोक पाण्याला नुसतं लावा आणि पुन्हा चालवा. पाणी असं थेंबाथेंबानेच वाढवायचं. एकदम बुडवलात तर फेस पातळ होऊन गळ्यावरून ओघळेल.

गालावर आधी गोल फिरवा, मग रंग मारतात तसे वर-खाली हात मारा. ब्रश गालावर इतका दाबू नका की केस चहूबाजूंनी पसरून मधली बुंधे दिसतील. दाबाने ब्रश लवकर रुळतो हा समज चुकीचा आहे. दाबाने केस टोकाला न फुटता बुडाशी मोडतात आणि मधोमध खळगा पडतो. तो पुन्हा भरून येत नाही. पहिले काही दिवस चेहऱ्यावर टोचत असेल तर फेस तळहातावर करा आणि चेहऱ्यावर फक्त पसरवा. हातावर केलेल्या फेसानेही ब्रश तितकाच रुळतो.

तुरटी फिरवायची ती दाढी पूर्ण आटोपल्यावर. तुरटी लागलेल्या गालावर पुन्हा फेस बसत नाही, साबण फाटतो, आणि तोच साका ब्रशात जातो.

खेड्यात रोज दाढी करणारे कमी. दोन-चार दिवसांआड, नाहीतर बाजाराच्या दिवशी, अशी सवय असते. मग ब्रश रुळायला महिने लागतात. त्यावर उपाय म्हणजे दाढी नसेल त्या दिवशी अंघोळीच्या वेळी ब्रश भिजवून तळहातावर एकदा फेस करा आणि धुवून टाका. काम दोन मिनिटांचं आहे. दिवसाला एकदाच करा. पूर्ण वाळायच्या आत पुन्हा भिजवला तर फुगणं-आवळणं होत नाही आणि मेहनत वाया जाते.

साधारण दहा-पंधरा फेसांनंतर फरक कळायला लागतो. ब्रश वाळल्यावर वरून पाहा. नवा असताना टोकं सरळ, एकसारखी दिसतात. रुळायला लागला की माथा जरा फुलतो, टोकं धूसर दिसतात. भिंगातून पाहिलं तर एकेक केस तीन-चार धाग्यांत उलगडलेला सापडतो. त्या सुमारास तो फेस खाणंही कमी करतो. चांगला ब्रश त्यानंतरही कित्येक महिने मऊ होतच राहतो.

वाळवणं

दाढी झाली की ब्रश चांगल्या पाण्याने, फेस पूर्ण निघेपर्यंत धुवा. बुडाशी राहिलेला साबण बाहेरून दिसत नाही, म्हणून मुठीजवळ बोटांनी दाबून पाहा, पांढरं पाणी येतंय का. मग झटका, जुन्या धोतराच्या किंवा पंचाच्या तुकड्यावर चार वेळा पुसा आणि हवेशीर जागी ठेवा. उभा ठेवला की उलटा टांगला यावर लोक वाद घालतात. हवा खेळती असेल तर माझ्या मते फार फरक पडत नाही. दार लावलेली दमट न्हाणी ही मात्र चुकीची जागा, ओट्यावरची सावली बरी.

चंद्रपूर, अकोला, नागपूरकडे एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या घरात जातो तेव्हा ब्रश सावलीतच दोन-चार तासांत कोरडा होतो. त्याला उन्हात टिनावर किंवा खिडकीच्या तापलेल्या गजावर ठेवू नका. लाकडी मुठीला भेगा जातात, गोंद नरमतो. उलट गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्याकडे पावसाळ्याची झड लागली की दोन दिवसांतही बूड वाळत नाही. केसांच्या मुळाशी काळे ठिपके दिसले किंवा कुबट वास आला तर ती बुरशी. अशा दिवसांत पंख्याखाली ठेवा, एक दिवसाआड वापरा, आणि जमलं तर दोन ब्रश आलटून-पालटून चालवा. चुलीच्या उबेला ठेवायचा मोह टाळा, धूर केसांत बसतो आणि मग प्रत्येक दाढीला तो वास येतो.

बाहेरगावी जाताना ओला ब्रश प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका. रुमालात गुंडाळा. बरेच दिवस ठेवून द्यायचा असेल तर खडखडीत वाळवून कागदात गुंडाळा आणि सोबत कापराची वडी किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवा. हे प्राण्याचे केस आहेत, कसर लागते. साबणाच्या वासाने झुरळं आणि उंदीरही येतात, म्हणून डबा झाकणाचा आणि झाकणाला दोन-चार भोकं असलेला घ्या.

अडलं तर

रुळलेला ब्रश पुन्हा राठ वाटायला लागला तर बहुधा साका बसला आहे. पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर लिंबाचा रस किंवा चिमूटभर लिंबूसत घाला, त्यात केस दहा मिनिटं बुडवा, हलकेच फिरवा आणि चांगल्या पाण्याने धुवा. नंतर एकदा साबणाचा फेस करून धुवा. जड पाण्याच्या गावात महिन्यातून एकदा एवढं पुरे. रोज केलंत तर केस कोरडे पडतील.

केस गळत असतील तर कसे गळतात ते पाहा. पहिल्या दहा-बारा वापरांत रोज एक-दोन सुटे केस येणं चालतं. त्यानंतर ते थांबलं पाहिजे. झुपकेच्या झुपके बाहेर येत असतील तर गोंद गेला आहे, आणि तुम्ही उकळतं पाणी वापरलं नसेल तर तो दोष बनावटीचा. पावती असेल तर बदलून मागा. अख्खा जुडगा एकसंध मुठीतून निघून आला असेल तर तो ब्रश फेकायचा नाही. मुठीची पोकळी आणि जुडग्याचं बूड दोन दिवस वाळू द्या, जुना गोंद सुरीने खरवडा, दोन नळ्यांचा इपॉक्सी गोंद सारख्या भागात मिसळून पोकळीत भरा, जुडगा सरळ बसवा आणि पूर्ण एक दिवस हात लावू नका. केसांवर गोंद चढणार नाही एवढा कमीच भरा, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या वेळेसारखंच शाम्पूने धुवून वापरायला घ्या.